वळूने ओठ वर केला म्हणजे गाय माजावर आहेच का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. वळूने मूत्र हुंगून ओठ वर केला तर गाय माजावर आहे असं धरायचं का? आणि त्याला जे वासावरून कळतं ते दाखवणारी साधी पट्टी का मिळत नाही? पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, कारण 'तो वास' म्हणजे एकच कुठलं तरी रसायन असं तुम्ही धरून चाललाय आणि खरी गोची तिथेच आहे.

आधी त्या ओठाचं बघू. वळू मूत्राला तोंड लावतो, मान ताणून डोकं वर करतो, वरचा ओठ मागे दुमडतो आणि काही सेकंद तसाच थांबतो. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे घट्ट गादी असते. तिच्या लगेच मागे, टाळूवर, एक छोटा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक छिद्रं असतात. तिथून निघालेल्या नळ्या नाकाच्या तळाशी असलेल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत, म्हणजे असे संकेत टिपणाऱ्या खास अवयवापर्यंत, पोचतात. हवेत न उडणारे जड रेणूसुद्धा द्रवाबरोबर आत ओढले जातात, आणि ओठ वर करण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. घोड्यात या नळ्या तोंडात उघडतच नाहीत, त्याला सगळं नाकावाटेच घ्यावं लागतं. तरी ओठ तोही तसाच वर करतो.

म्हणजे ओठ वर असतो तेव्हा वळूची तपासणी अजून चालूच असते. माजावर नसलेल्या गाईच्या मूत्रावरही तो हेच करतो, बोकड तर येता-जाता करतात. त्याला काय कळलं ते पुढच्या वागण्यात दिसतं: तो दुसरीकडे वळला, की तिच्याच मागे घुटमळत राहिला? हनुवटी तिच्या पाठीवर टेकवली का? आणि अंगावर चढू दिल्यावर ती स्थिर उभी राहिली का? या शेवटच्या खुणेइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. नसबंदी केलेला वळू कळपात सोडतात तो याचसाठी, त्याच्या ओठाकडे बघण्यासाठी नाही.

आता पट्टीचं. एका रसायनावर सगळं चालतं ही समजूत आली कुठून, तर कीटकांकडून. १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांच्या चमूने रेशीमपतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांपासून बॉम्बिकॉल हे मादीचं गंधद्रव्य वेगळं केलं. त्या एका रेणूवर नर पंख फडफडवत मादीचा माग काढू लागतो. मग सस्तन प्राण्यांतही असाच एकेक रेणू सापडेल अशी आशा वाढली.

हत्तीत ती बऱ्याच अंशी खरी ठरली. आशियाई हत्तिणीचं ऋतुचक्र १३ ते १८ आठवड्यांचं, गर्भधारणेचे दिवस त्यात मोजकेच, आणि प्रौढ नर बहुतेक वेळ कळपापासून लांब. निरोप दूर पोचायलाच हवा. बीज सुटायची वेळ जवळ येते तसं तिच्या मूत्रात झेड-७-डोडेसिनिल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन वाढत जातं. संशोधक रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी हे १९९६ मध्ये दाखवलं. नर सोंडेचं टोक मूत्राला लावतो आणि तेच टोक तोंडात नेऊन टाळूवरच्या छिद्रांना टेकवतो. गंमत म्हणजे हाच रेणू कित्येक जातींच्या पतंगमाद्याही नराला बोलवायला वापरतात. (हत्ती आणि पतंग यांची गल्लत होत नाही, काळजी नसावी. हत्तिणीच्या मूत्रात तो मुबलक असतो, पतंगाचा कारभार अगदी किंचित मात्रेवर चालतो.)

कुत्र्यात मात्र फसगत झाली. माजावरच्या कुत्रीच्या स्रावातलं मिथाइल पॅराहायड्रॉक्सिबेंझोएट हे रसायन म्हणजेच नराला बोलावणारा संकेत, असं १९७९ मध्ये जाहीर झालं. नंतरच्या प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला नाही. गाई-म्हशींच्या बाबतीत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी वेगवेगळी संयुगं पुढे केली, पण सगळ्यांच्या याद्या जुळत नाहीत. वास नाही असं नाही. माजावरच्या गाईचा वास ओळखायला कुत्र्यांना शिकवता येतं, हे १९७८ मध्येच दाखवून झालंय. पण तो बहुधा अनेक घटकांच्या प्रमाणातून बनतो, आणि चारा, मूत्र किती पातळ आहे, नमुना किती वेळ उघडा होता, या सगळ्याने ते प्रमाण हलतं. वळूचं नाक हे सांभाळून घेतं, कागदाच्या पट्टीला ते जमत नाही.

स्प्रे मिळतो म्हणून ऐकलंय, असंही तुम्ही लिहिलंय. तो डुकरांचा, आणि त्यात संकेत उलट्या दिशेने जातो. नर डुकराच्या लाळेत अँड्रोस्टेनोन हे गंधद्रव्य असतं. ते मादीच्या नाकाशी फवारून पाठ दाबली आणि ती ताठ उभी राहिली, तर ती माजावर आहे. गाईवर तो वापरून काही हाती लागणार नाही.

वासाऐवजी संप्रेरक मोजायचं असेल तर गाईच्या दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजता येतं आणि मी त्यावरच भर देईन. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या: ही चाचणी 'माज आहे' यापेक्षा 'माज नाही' हे जास्त ठामपणे सांगते. प्रोजेस्टेरॉन माजाच्या दोनतीन दिवस आधी उतरतं आणि नंतरही चारपाच दिवस खालीच असतं, आणि जी गाय माजावर येतच नाही तिचंही खालीच असतं. त्यामुळे कमी आकड्यावरून रेतनाचा तास ठरवता येत नाही. आकडा जास्त आला तर मात्र त्या दिवशी रेतन करू नका, ते वाया जाणार. रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी कमी आला तर गाय गाभण नाही. त्या वेळी जास्त आला तर गाभण असण्याची शक्यता आहे, एवढंच. पुढे तपासून खात्री करावी लागते.

कुत्रीचा प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट याच हिशेबाने वाचू नका. गाईत हे संप्रेरक उतरल्यावर बीज सुटतं. कुत्रीत ते बीज सुटायच्या आधीच चढायला लागतं आणि सुटलेलं बीज पक्व व्हायला पुढे आणखी दोनेक दिवस जातात. म्हणून तिथे एका नमुन्यावर भागत नाही. एक दिवसाआड रक्त तपासून चढता आकडा बघावा लागतो, तोही शक्यतो एकाच प्रयोगशाळेतून.

तुमच्या कळपासाठी सरळ सांगायचं तर वळूने कुठली गाय हुंगली ते टिपून ठेवा आणि त्या गाईवर सकाळ-संध्याकाळ नजर ठेवा. काचेसारखी लांब सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव) दिसते का, दुसरी गाय चढल्यावर ती उभी राहते का, ते बघा. सकाळी उभी राहिली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुधाची चाचणी ज्या गाई वारंवार उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, त्यांच्यासाठी ठेवा, आणि नमुना रेतनाच्या दिवशीच काढा. माज चुकीचा धरला जातोय का, ते तिथे लगेच कळेल.