वाचक विचारतात: साठीनंतर फोनवर हसायची आणि हसवायची सोय

वय ६८. मास्तरकी संपली, आता वावर पाहतो. गावातल्या गमती वऱ्हाडीत लिहून ग्रुपवर टाकायची हौस आहे. पण ‘रायला’ लिहिलं की फोन त्याचं ‘राहिला’ करतो. बारीक अक्षरं बोटाखाली येत नाहीत, ते वेगळंच.
— एक वाचक, दर्यापूर तालुका

फोनच्या कीबोर्डमधला शब्दसंग्रह प्रमाण मराठीचा असतो. त्याला ओळखू न येणारा शब्द तो चूक समजतो आणि स्पेस दाबताच ‘दुरुस्त’ करतो. तुमच्या फोनवर गुगलचा जीबोर्ड असेल, तर कीबोर्डच्या वरच्या पट्टीतलं दातेरी चाक दाबा, ‘टेक्स्ट करेक्शन’मध्ये जा आणि ‘ऑटो करेक्शन’ बंद करा. निम्मा त्रास तिथेच संपतो. मग त्याच सेटिंग्जमध्ये ‘डिक्शनरी’, ‘पर्सनल डिक्शनरी’, ‘मराठी’ असं जाऊन अधिकच्या चिन्हावर बोट ठेवा आणि नेहमीचे शब्द एकेक करून भरा: काहून, रायला, घिऊन, पोट्टं, कुठी, गेल्ता. असे वीस-पंचवीस शब्द भरले की पहिली दोन अक्षरं लिहिताच शब्द वर दिसू लागतो.

बारीक अक्षरांवर उपाय म्हणजे हस्तलेखन. ‘लँग्वेजेस’मध्ये मराठी निवडताना कीबोर्डचे प्रकार दिसतात, त्यात ‘हँडरायटिंग’ आहे. बटणांच्या जागी कोरी पाटी येते, तिच्यावर बोटाने लिहायचं. ज्यांचं अक्षर फळ्यावर घडलं, त्यांच्यासाठी आमच्या मते यापेक्षा सोपं काही नाही. माईक दाबून बोलूनही लिहिता येतं, पण पंखा बंद करा आणि वाक्य सलग बोला. मध्ये फार थांबलं की माईक बंद पडतो. नेटवर्क अडखळलं की शब्द गळतात. बोलून लिहिताना वऱ्हाडीचं प्रमाण मराठी होण्याची शक्यता जास्त, म्हणून पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. स्वल्पविराम, पूर्णविराम बहुतेक वेळा हातानेच द्यावे लागतात.

आलेला विनोद पुढे ढकलला तर वीस जण हसतात. स्वतः लिहिला तर शुकशुकाट. काय चुकतं?
— एक वाचक, मेहकर तालुका

फॉरवर्डवर आलेलं हसू हे फार वेळा ‘पाहिलं’ एवढंच सांगणारं असतं, ते मनावर घेऊ नका. स्वतःचा विनोद पडतो तो बहुतेक वेळा शेवट चुकल्यामुळे. एक उदाहरण पाहा, त्यात डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. पहिला खर्डा असा: ‘आमच्या डीपीवरची लाईन जवायासारखी मोटर घिऊन जाते, कारण रात्री बारा वाजता दोन घंटे येते अन् व्होल्टेज कमी असल्यानं मोटर जयते.’ यात गंमत आधीच फुटली आणि मागून स्पष्टीकरण आलं. आता हा:

‘आमच्या डीपीवरची लाईन अन् जवाई सारखेच. येतात रात्री बारा वाजता, रायतात दोन घंटे, अन् जाता जाता मोटर घिऊन जातात.’

‘मोटर’ दोन्हीकडे लागू पडते आणि ती शेवटी येते. कमी दाबाने विहिरीवरची मोटर जळते हे कास्तकाराला सांगावं लागत नाही, म्हणून कारण कापलं. आधी सगळं लिहून काढा, मग कारणं कापा, मग ज्या शब्दावर हसू यावं तो शक्य तितका शेवटाकडे न्या. त्यापुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावू नका, एक पुरे. घरातल्या एखाद्याला वाचून दाखवा. तो जिथे ‘म्हणजे?’ म्हणेल ते वाक्य नीट करा.

विषय आपल्या धुऱ्यावरचाच घ्या. बँकेतली केवायसीची रांग, एसटीतली जागा, लग्नातल्या पंगतीत आपल्यापर्यंत येईस्तोवर संपणारी बुंदी. शहरातला माणूस हे लिहू शकत नाही, तुम्ही लिहू शकता. आठवड्यातून दोनदा, रात्रीची जेवणं झाल्यावर टाका. सकाळी ज्याला त्याला शेणपाण्याची, वावराची घाई असते.

सुनांवरचा एक विनोद घरच्या ग्रुपवर पाठवला. धाकटी सून दोन दिवस धड बोलली नाही. विनोदच होता ना तो?
— एक आजी, आर्वी तालुका

होता, आजी, पण ज्या ग्रुपवर चार सुना आहेत तिथे ‘सुना अशाच’ म्हटलं की प्रत्येकीला वाटतं, हे मलाच. समोर बोलताना तुमचा चेहरा हसरा असतो, तो फोनवर जात नाही. वरचा जवायाचा विनोदही गावच्या ग्रुपवर चालेल. घरचे जावई ज्या ग्रुपवर आहेत तिथे टाकायच्या आधी त्यांना फोनवर ऐकवा, ते हसले तरच टाका. रंग, वजन, मूलबाळ, जात, नवऱ्याचं दारूपाणी, यांवर हसणं नकोच. गुडघे, विसरभोळेपणा, हरवलेला चष्मा, फोनशी चाललेली झटापट हे तुमचे हक्काचे विषय. त्यावर सुनाही मोकळेपणी हसतील आणि भरही घालतील.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत बदलता येतो: त्यावर बोट दाबून धरा आणि ‘एडिट’ करा. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं, पण तोवर कोणी वाचलं असेल तर ते पुसलं जात नाही. तिथे धाकटीशी समोरासमोर दोन शब्द बोलणं हाच उपाय, आणि तो लवकर करा.

गावच्या ग्रुपचा मी ॲडमिन. कोणी वाईट काही टाकलं तर मला धरतील का?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू असल्याचं दिसलं पाहिजे. तरी गप्प बसू नका. ॲडमिनला ग्रुपमधला कोणाचाही मजकूर सगळ्यांसाठी काढता येतो. आधी तो काढा, मग टाकणाऱ्याला वेगळा फोन करा. ग्रुपवर झापलं की भांडण पारावर येतं.

आमच्याकडच्या पोळ्याच्या झडत्या म्हणणारे आता मोजकेच उरले. त्या आणि माझे विनोदी लेख ब्लॉगवर ठेवायचे आहेत. खर्च किती? काय बिघडतं?
— एक वाचक, लाखांदूर तालुका

कामाचा विचार आहे. तोरणाखाली बैल उभे असताना सरपंचापासून सावकारापर्यंत सगळ्यांना चिमटे काढायचे आणि शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणून मोकळं व्हायचं, ही झडती म्हणजे आपल्या विनोदाचं मूळ घर आहे. ती लिहून ठेवलीच पाहिजे.

खर्च शून्य. गुगलच्या ‘ब्लॉगर’वर जीमेलच्या खात्याने ब्लॉग उघडतो. पत्ता छोटा आणि सांगायला सोपा घ्या. नंतर बदलला तर जुन्या लिंका चालत नाहीत. ‘थीम’मध्ये ‘कंटेम्पो’ किंवा ‘सोहो’ निवडा, ती फोनच्या पडद्यावर नीट बसते. ‘सेटिंग्ज’मध्ये भाषा मराठी करा आणि प्रतिक्रियांची तपासणी ‘ऑल्वेज’वर ठेवा, म्हणजे तुम्ही होकार दिल्याशिवाय कोणाची शिवीगाळ किंवा जाहिरात दिसणार नाही.

बिघाड दोन ठिकाणी हमखास होतो. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगर लेखाच्या पत्त्यात तो घेत नाही, सगळ्या लेखांना एकसारखे निरर्थक पत्ते देतो. म्हणून प्रसिद्ध करण्याआधीच उजवीकडच्या ‘पर्मालिंक’मध्ये ‘कस्टम’ निवडून रोमन अक्षरांत छोटं नाव लिहा. दुसरं, व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून मजकूर चिकटवला की त्याच्यासोबत भलते रंग आणि आकार येतात. सगळा मजकूर निवडून ‘क्लिअर फॉरमॅटिंग’ दाबलं की तो साफ होतो.

झडतीखाली गाव, साल आणि ती कोणाच्या तोंडून ऐकली ते लिहा. हयात माणसाचं नाव त्याला विचारूनच. बोली जशीच्या तशी ठेवा, अवघड शब्दाचा अर्थ खाली द्या. ‘झडत्या’, ‘लेख’ अशी लेबलं लावली की वाचणाऱ्याला वेगवेगळं सापडतं. विनोदी लेख अडीचशे-तीनशे शब्दांचा पुरे: निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तुमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत, म्हणजे पुण्याचा वाचकही अडत नाही.

दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकते. म्हणून लॉगिन चालू ठेवा आणि वर्षातून एकदा ‘सेटिंग्ज’मधून ‘बॅक अप कंटेंट’ करून ती फाईल मुलाकडे किंवा नातीकडे द्या. गुगल खात्यातल्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये १० जणांपर्यंत नावं देता येतात. तुम्ही ठरवलेल्या ३ ते १८ महिन्यांत खातं वापरलं गेलं नाही, तर त्यांना कळवलं जातं.

लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल उघडायला गेलो, तर फोन ‘इन्स्टॉल’ विचारतो. दाबू का?
— एक वाचक, पुसद तालुका

नका दाबू. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, आणि असलं ॲप तुमचे एसएमएस वाचून बँकेचा ओटीपी पळवतं. पाठवणारा ओळखीचा असला तरी त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. चुकून दाबलंच तर नेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि पैसे गेले असतील तर लगोलग १९३० वर तक्रार द्या. पहिले काही तास मोलाचे असतात.

सुप्रभातच्या फुलांनी फोन भरला. नातवाचे फोटो काढायला जागा नाही.
— एक आजी, काटोल तालुका

व्हॉट्सॲपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा. ‘मीडिया ऑटो डाउनलोड’च्या तिन्ही ओळींतल्या खुणा काढा, यापुढे तुम्ही बोट लावाल तेच चित्र उतरेल. मग तिथेच ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये ग्रुपनिहाय यादी दिसते. सर्वात वजनदार ग्रुप उघडून आधी व्हिडिओ काढा, जागा तेच जास्त खातात. घरच्या ग्रुपमधले फोटो मात्र पाहून पाहूनच काढा.