तुमचे प्रश्न : पुण्यातला फोन आणि परदेशातले कान

प्रश्न : नमस्कार दादा, माझी मुलगी मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकली आणि आता फ्रँकफर्टला एमएस करतेय. रोज रात्री साडेनऊला आमचा व्हॉट्सअॅप कॉल असतो, बाबांची शुगर किती आली, तू आज पोळ्या केल्यास का, एवढंच. परवा भाचा म्हणाला की मावशी, जर्मनीची गुप्तहेर एजन्सी परदेशी लोकांचं बोलणं ऐकते आणि आपण ना तिथले नागरिक ना तिथले रहिवासी, त्यामुळे आपल्याला कसलाच हक्क नाही. खरंय का? (एक आई, कोथरूड)

उत्तर : ताई, भाचा हे २०२० च्या आधी बोलला असता तर मी गप्प बसलो असतो, कारण जर्मन सरकारचं म्हणणं हुबेहूब हेच होतं. बाहेरच्या देशांवर नजर ठेवणारी त्यांची एजन्सी म्हणजे बीएनडी. अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये त्यांच्या पाळतीची कागदपत्रं फोडल्यावर सगळीकडे बोंबाबोंब झाली, मग २०१६ मध्ये जर्मनीने कायदा केला, पण कसा, तर जर्मन माणसाला जपायचं, युरोपियन युनियनवाल्याला थोडंफार जपायचं आणि उरलेल्या जगाच्या बाबतीत, म्हणजे तुमच्या माझ्या, जवळजवळ मोकळं रान. त्यावर काही परदेशी पत्रकार आणि रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स ही पत्रकारांसाठी लढणारी संघटना कार्ल्सरूहच्या, म्हणजे जर्मनीच्या घटनात्मक कोर्टात गेले आणि १९ मे २०२० ला जिंकले. कोर्ट म्हणालं, आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की मूलभूत हक्क सरकारला बांधून ठेवतात, फक्त जर्मनीच्या हद्दीतच बांधतात असं कुठे लिहिलंय? म्हणजे ऐकणारा कोण ते बघायचं, ज्याचं ऐकलं जातंय तो कोथरूडमध्ये बसलाय की कोलोनमध्ये ते नाही.

आता लगेच पेढे वाटू नका. ऐकूच नका असं कोर्टाने म्हटलेलं नाही, नियम घाला आणि स्वतंत्र देखरेख ठेवा एवढंच म्हटलंय. आणि तुमची लेक राहते त्याच फ्रँकफर्टमध्ये डी-किक्स (DE-CIX) नावाचं जगातल्या मोठ्या इंटरनेट एक्स्चेंजपैकी, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कचा डेटा एकमेकांकडे जातो त्या जंक्शनांपैकी, एक आहे, तिथूनच बीएनडी डेटा उचलते म्हणून ते चालवणारी कंपनी कोर्टात गेली होती, ती २०१८ मध्ये हरली. व्हॉट्सअॅप कॉल एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतो त्यामुळे मधल्या केबलवरून शुगरचा आकडा कोणाला ऐकू येत नाही (फोनमध्येच पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसलं तर गोष्ट वेगळी), पण कोणी कोणाला कधी आणि किती वेळ फोन केला ही माहिती वेगळी, आणि एजन्सीवाल्यांना बरेचदा तेवढीच पुरते. अमेरिकेचं तर सरळ आहे, त्यांच्या फिसा (परदेशी हेरगिरीवरच्या) कायद्याचं कलम ७०२ अमेरिकेबाहेरच्या बिगर-अमेरिकन लोकांसाठीच आहे, त्यात माणसागणिक वॉरंट लागत नाही. तुमचं ईमेल अमेरिकन कंपनीचं आहे का ते एकदा बघा.

प्रश्न : ऐकणं ठीक, पण उचलूनच नेलं तर? लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोफेसरांनी विषय उरकला. (एक विद्यार्थिनी, डेक्कन)

उत्तर : खालेद अल-मस्रीची केस वाच. जर्मन नागरिक, २००३ च्या ३१ डिसेंबरला बसमधून मॅसेडोनियाच्या सीमेवर उतरवला, स्कोप्येच्या एका हॉटेलच्या खोलीत २३ दिवस कोंडला, मग सीआयएच्या, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या ताब्यात आणि तिथून अफगाणिस्तानच्या कोठडीत. माणूस चुकीचा आहे हे कळल्यावर मे २००४ मध्ये त्याला अल्बेनियातल्या एका रस्त्यावर सोडून दिलं, घरी जा म्हणून. अमेरिकेतल्या कोर्टांनी सरकारी गुपित म्हणून खटला चालूच दिला नाही. शेवटी डिसेंबर २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने ६०,००० युरोची भरपाई द्यायला लावली, पण कोणाला, तर मॅसेडोनियाला, कारण अमेरिका त्या कोर्टाच्या कक्षेतच येत नाही. ज्याने बेत आखला तो नामानिराळा आणि ज्याने खोली दिली त्याच्या नावावर बिल. मला हे अर्धवट वाटतं, पण मॅसेडोनियाला मी निर्दोषही म्हणणार नाही.

प्रश्न : परदेशावर लिहायला काय जातंय? आपल्याकडे काय आहे ते लिहा. उगाच लांबण नको. (सदाशिव पेठ)

उत्तर : काका, पत्राची सुरुवात नमस्काराने केली असतीत तरी चाललं असतं. रॉ १९६८ मध्ये सरकारी आदेशाने सुरू झाली, तिच्यासाठी संसदेचा वेगळा कायदा आजही नाही. माहिती अधिकारातून रॉ आणि आयबीला कलम २४ ने सूट आहे, पण त्याच कलमात एक खिडकी आहे जी फार जणांना माहीत नसते : भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तर ही सूट लागू नाही. मानवी हक्कांच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत ४५ दिवसांची. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून तुम्ही अर्ज करू शकता, सुरक्षेचं कारण पुढे करून नकार येण्याची तयारी मात्र ठेवा.

आता कोथरूडच्या ताईंचा प्रश्न उलटा करून बघा. आपल्या घटनेचं कलम २१ ‘व्यक्ती’ म्हणतं, ‘नागरिक’ नाही, त्यामुळे इथे आलेल्या परदेशी माणसालाही ते लागू होतं. पण माहिती अधिकार फक्त नागरिकांना आहे. हॅम्बर्गमधल्या एखाद्या आईला आपल्या एजन्सीबद्दल असाच संशय आला तर ती दहा रुपये घेऊन उभी राहिली तरी तिचा अर्ज खिडकीवरूनच परत जाणार.