टीम मोठी, राबतात दोघंच

प्रश्न: मी आठ जणांची टीम सांभाळते. एकेकट्याला काम दिलं की सगळे चोख करतात, पण सगळ्यांनी मिळून रिपोर्ट करायचा म्हटलं की दोघंच राबतात, बाकीचे नुसती मान डोलावतात. माणसंच कामचुकार आहेत का?

उत्तर: नाही हो, एकेकटे चोख करतात हे तुम्हीच लिहिलंय की! ह्याला सोशल लोफिंग म्हणतात, म्हणजे गटात आलं की प्रत्येकाचा जोर कमी पडणं, जुनं दुखणं आहे. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून मोजलं आणि १९१३ ला छापलं, आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर. आता कुणी म्हणेल सगळ्यांना एकदम ओढणं जमत नसेल, तेही थोडं खरंय, म्हणून १९७९ मध्ये बिब लाताने (Latané) ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या मंडळींनी भारी युक्ती केली, दोरीऐवजी जोरात ओरडायला लावलं, डोळ्यांवर पट्टी, कानावर हेडफोन आणि सांगायचं की तुझ्यासोबत अजून पाच जण ओरडतायत, प्रत्यक्षात तो बिचारा एकटाच, तरी आवाज एकट्याने ओरडताना निघतो त्याच्या पाऊणपटच निघाला! पुढे प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजणार असं सांगितल्यावर ही ढिलाई गेली.

त्यामुळे टीम स्पिरिटवर भाषण देऊ नका, उपयोग शून्य. रिपोर्टच्या प्रत्येक भागावर करणाऱ्याचं नाव टाका, आणि आठ जण लागतातच का तेही बघा, चारात भागत असेल तर चारच ठेवा. आणि त्या दोघांना आधी सांगा की दुसऱ्यांचं राहिलेलं रात्री बसून पुरं करायचं नाही, नाहीतर बाकीचे कशाला हलतील?