साखळी जिंकली, मग निमंत्रणाची वाट कशाला?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात आहे. त्यांचा बास्केटबॉल संघ साखळीत पहिला आला, पण कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या त्या गटाच्या, स्पर्धेत उपांत्य फेरीत हरला. आता तो म्हणतो, 'एनआयटी मिळते का बघू.' स्पर्धा 'मिळते' कशी? आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्यात हरलं, की बॅग भरायची.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कारण एनआयटी (नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट) ही तिथली दुय्यम स्पर्धा मुळात निमंत्रणाची. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मुख्य स्पर्धेत ६८ संघ असतात. २०२५ मध्ये ३१ जागा कॉन्फरन्स-विजेत्यांना गेल्या, ३७ समितीनं भरल्या. आणि 'विजेता' म्हणजे साखळीतला पहिला नव्हे, तर मार्चमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकणारा. तुमच्या भाच्याचा संघ नेमका इथेच अडकला.

एनआयटी १९३८ ची, म्हणजे एनसीएएच्या स्पर्धेपेक्षा वर्षानं थोरली. ३२ संघ खेळतात. २०२३ पर्यंत अनेक वर्षं अशा हुकलेल्या साखळी-विजेत्याला तिथे थेट प्रवेश होता. २०२४ मध्ये ती हमी काढली आणि मोठ्या कॉन्फरन्सना राखीव जागा दिल्या. छोट्यांवर हा उघड अन्याय होता. २०२५ मध्ये हमी परत आली, पण अटीसकट : नेट (एनसीएएची स्वतःची क्रमवारी), केनपॉम, टॉरव्हिक वगैरे सात क्रमवारींची सरासरी १२५ किंवा त्याहून चांगली हवी.

हिशोब करून बघा. समजा क्रमांक ११०, ११८, १२०, १२१, १२५, १३० आणि १३७ आहेत. बेरीज ८६१, सरासरी १२३ : संघ आत. शेवटच्या यादीत १३७ ऐवजी १५५ आला, तर सरासरी १२५.६ च्या आसपास, आणि हमी गेली. मग समितीच्या मर्जीवर.

छोटे संघ इथे घसरतात ते प्रतिस्पर्ध्यांमुळे. कमकुवत संघांना घरच्या मैदानावर कितीही धुतलं, तरी पदरात फार पडत नाही. नेटच्या हिशोबात पहिल्या दर्जाचा सामना म्हणजे घरी पहिल्या ३० मधल्या, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधल्या, तर बाहेरगावी पहिल्या ७५ मधल्या संघाशी. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्यांच्या घरी जाऊन खेळावं लागतं. बलाढ्य संघ छोट्यांकडे सहसा येत नाहीत.

जागा नकारांमुळेही सुटतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची टीम २०२२ मध्ये एनसीएएची अंतिम फेरी खेळली, पुढच्या हंगामाआधी पहिल्या क्रमांकावर होती, आणि मार्च २०२३ मध्ये मुख्य स्पर्धेबाहेर राहिल्यावर एनआयटीला सरळ नाही म्हणाली. २०२५ पर्यंत ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणीही त्याच सुमारास उघडायची. अर्धा संघ दुसरं कॉलेज शोधत असताना प्रशिक्षक खेळवणार कुणाला?

२०२५ पर्यंत एनआयटी हुकली तर सीबीआय ही आणखी खालची स्पर्धा होती. २००८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा संघांकडून प्रवेश शुल्क घ्यायची, म्हणजे कॉलेजची तयारी आणि तिजोरी दोन्ही लागायच्या. २०२५ मध्ये लास व्हेगासला सुरू झालेल्या क्राउन स्पर्धेत उलट बक्षीस होतं, विजेत्याला तीन लाख डॉलर. पण तिथे बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि बिग ईस्ट या मोठ्या कॉन्फरन्सेससाठी जागा राखून होत्या. भाच्यानं तिकडे डोळे लावू नयेत.

मुख्य स्पर्धेची यादी रविवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाला जाहीर होऊ लागते, म्हणजे पुण्यात सोमवारी पहाटे साडेतीन. एनआयटीची यादी त्यानंतर काही तासांत येते. पहाटे उठायची गरज नाही, चहा घेऊन भाच्याला फोन करा. सामने मंगळवारपासून सुरू होतात, त्यामुळे निमंत्रण आलं तर तो विमानतळाच्या वाटेवर असेल.