वडील 72 वर्षांचे, एकटे राहतात, मराठीच बोलतात. औषधांच्या आठवणीसाठी स्मार्ट स्पीकर घेतला तर त्यांना जमेल का?

तुमचं ते "त्यांना जमेल का" वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी आई मिरजेला एकटी असते, वय 74. गेल्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थेंबांच्या दोन बाटल्या, एक हिरव्या बुचाची, एक पांढऱ्या. दिवसातून सहा वेळा, आणि दोन्हींमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. पुण्याहून भाऊ स्पीकर घेऊन आला (कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही), स्वतःच्या खात्यावर लावला आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला त्याच्याशी बोलायला लावू नकोस, जमायचं नाही. रिमाइंडर मी लावलेत. आता तूही सारखी खेपा घालू नकोस."

भाषांमध्ये इंग्रजी नि हिंदी होती, मराठी नव्हती. दुसऱ्याच दिवशी आईने फर्मान सोडलं, "अडीच बजे याद दिलाव." स्पीकरला काही बोध होईना. हिंदीत अडीचला ढाई म्हणतात, पावणेआठला पौने आठ. "ह्याला अडीच कळत नाही आणि म्हणे स्मार्ट!" मग तिनेच तोड काढली: दो बजकर तीस मिनट. तिसऱ्या दिवशी बघते तर पहिला थेंब घालून डोळे मिटून पडलीये आणि पडल्या पडल्या सांगतेय, "पाँच मिनट का टाइमर लगाव." घड्याळ नको, चष्मा नको. आठवड्याभरात पाण्याच्या मोटरीचाही टाइमर सुरू झाला. इतकी वर्षं टाकी वाहून अंगणात तळं व्हायचं, ते थांबलं. हे भावाने नाही, तिने शोधलं.

आणि त्याचे रिमाइंडर? एका रविवारी आई शेजारी पापड लाटायला गेली होती. रिमाइंडर रिकाम्या घरात बोलून गप्प झाला. तोच पुण्यात त्याच्या फोनवरही आला, त्याने बोटाने सारला. संध्याकाळी मी कोल्हापूरहून फोन केला तेव्हा कळलं, दोन वेळचे थेंब राहिलेत. भाऊ म्हणतो, "वाजलं तर होतं!" वाजलं म्हणजे थेंब डोळ्यात गेला असं नव्हे. हे त्याला आजही पटलेलं नाही.

तर घ्या. पण खातं वडिलांच्या फोनवर काढा, तुमच्या नको. पहिला टाइमर त्यांनाच लावू द्या, चुकू द्या, तुम्ही मागून उत्तरं पुरवू नका. टाइमर आधी, रिमाइंडर नंतर.

हो, एक राहिलं. वीज गेली की स्पीकर गप्प, आणि राउटर बंद असेल तर नुसता इन्व्हर्टरवर स्पीकर ठेवूनही भागत नाही, दोन्ही ठेवा. हिंदी बोलायचंच नसेल तर अँड्रॉइड फोनवर गूगल असिस्टंट 2018मध्ये मराठीत आला, वडिलांच्या फोनवर असेल तर तो आधी वापरून बघा. पाहुण्यांसमोर नको असेल तर माइक बंद करायचं बटण दाखवून ठेवा. आईला ते भारी आवडतं, मावशी आली की पहिलं तेच दाबते.

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी असेल तर रात्री एक फोन करून विचारा. आमच्याकडे तो मीच करते, हे भाऊ वाचत असेल तर त्याच्यासाठी.