आधी मारबत ऐकून ये

अगं, तुझ्या आवाजाच्या प्रयोगासाठी स्पीकर घ्यायची घाई नको करू. तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या इतवारीत मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते; रेकॉर्डर घेऊन तिथे जा. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी अरुंद गल्लीत भिंतींवर आपटून दाट होते, चौकात येताच पसरते. जागा आवाज घडवते ती अशी. मी तिथेच शिकले. लेव्हल कमी ठेव, ढोल जवळ आला की रेकॉर्डिंग फाटतं.

हॉलमध्ये स्पीकर मांडताना अंतर मोज. आवाजाला मीटरभर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. दोन स्पीकर 17 मीटरवर असले, तर एकाजवळ उभ्या माणसाला दुसरा 50 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि शब्द विस्कटतात.

मे महिन्यात प्रयोग असेल तर तालीम कूलर चालू ठेवूनच कर. माझा कुजबुजीचा अख्खा भाग त्या घरघरीत बुडाला होता, अजून हळहळ वाटते.