जळाऊ लाकूड दूरवर नेल्याने जंगलातील झाडांना धोका होतो का?

होय, एका जंगलातील जळाऊ लाकूड दुसरीकडे नेल्याने तेथील निरोगी झाडेही धोक्यात येऊ शकतात, कारण खोड पोखरणाऱ्या किडींच्या अळ्या आणि बुरशीचे बीजाणू सालीखाली दडून लाकडाबरोबरच प्रवास करतात. मूळचा पूर्व आशियातील ‘एमराल्ड ॲश बोरर’ हा हिरवा भुंगा उत्तर अमेरिकेत २००२ साली आढळला आणि पुढे लांबवर पसरला, त्यात अशा लाकूडवाहतुकीचा मोठा वाटा होता. त्याच्या अळ्या सालीखालचा अन्नवाहक थर नागमोडी कोरतात. बाहेर पडलेल्या भुंग्यामागे इंग्रजी ‘डी’च्या आकाराचे, जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचे छिद्र उरते, त्यामुळे वरवर पाहून लाकूड निर्धोक ठरवण्यात अर्थ नाही. मात्र भट्टीत पुरेशी उष्णता देऊन वाळवलेल्या लाकडापासून हा धोका बराच कमी असतो. केवळ उन्हात वाळवलेल्या लाकडाबाबत तशी खात्री देता येत नाही.